उरलेले चाळीस किलो कुठे गेले?

सरकार आम्हाला देतं काय, हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. डोंबिवली एमआयडीसीत इतकी वर्षं कारखाना चालवतोस, चारचौघांत केमिस्ट म्हणून मिरवतोस, उद्यम नोंदणीचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलास. आणि त्या कागदावर काय काय मिळतं याची तुला खबर नाही? खबर नाही, की काढायचीच नाही? मला दुसरं वाटतं. का वाटतं ते सांगतो, मान खाली न घालता ऐक.

केंद्राची 'झेड' योजना आहे, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट. २०२२ पासून नव्या रूपात सुरू आहे. ब्राँझ प्रमाणपत्राची फी १० हजार रुपये, आणि शपथ घेऊन नाव नोंदवणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा जॉइनिंग रिवॉर्ड. म्हणजे पहिली पायरी फुकट. पुढे सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये ८० टक्के सवलत, लघुउद्योगाला ६०, मध्यमला ५०. सल्लागार लावून प्रक्रिया सुधारायची तर ५ लाखांपर्यंतची तरतूद वेगळी. यंत्र बदलायचं असेल तर 'गिफ्ट' योजनेत हरित तंत्रज्ञानाच्या २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ५ वर्षं व्याजात २ टक्के सूट. आजूबाजूचे कारखानदार एकत्र आलात तर क्लस्टर योजनेतून सामायिक केंद्राला अनुदान. सगळं छापील आहे. कार्यालयात हेलपाटे पडतात, कबूल. जीएसटीच्या परताव्यासाठी तू कमी हेलपाटे घालतोस?

अडलंय ते दुसरीकडेच. यातल्या कुठल्याही दारात गेलास तरी आज ना उद्या प्रश्न येणार: माल किती घेता, किती काढता, टाकता किती? आणि तिथे तुझी वाचा बसते.

आठवीत लाव्हाझिएचा नियम शिकवला होता, द्रव्य नाहीसं होत नाही. रिॲक्टरमध्ये १०० किलो घातलंस, ६० किलो माल पिंपात भरलास, तर उरलेले ४० किलो कुठे गेले? हवेत, नाल्यात, की शेडमागे? तुझ्या शेडमागची निळी पिंपं मी पाहिली आहेत. लेबल नाही, तारीख नाही, दोन-तीन पिंपांची झाकणं फुगलेली, खाली सिमेंट खाऊन गेलेलं. घातक कचरा ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही, हा २०१६ च्या नियमांतला साधा नियम. त्याच नियमांत क्रम दिला आहे: कचरा होऊच न देणं पहिलं, मग कमी करणं, मग पुन्हा वापरणं, आणि विल्हेवाट सगळ्यात शेवटी. तू शेवटापासून सुरुवात करतोस, तीही टँकरवाल्याच्या भरवशावर.

माल धुतलेलं टोल्युईन तू मातीमोल भावाने देऊन टाकतोस. ते कोण नेतं, कुठे ओततं, विचारलंस कधी? डिस्टिलेशन करून तेच परत वापरलंस तर तुझंच खरेदीचं बिल उतरेल. नायट्रो संयुगाचं अमाइन करायला अजून लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरतोस. मालाच्या बरोबरीने काळा गाळ निघतो आणि तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा खर्च नको म्हणून साठत राहतो. हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून तीच क्रिया होते, लोखंडाच्या गाळाशिवाय. हायड्रोजन जपून हाताळावा लागतो, मान्य. म्हणून तर तज्ज्ञ लागतो, आणि त्या तज्ज्ञाच्या खर्चाला हातभार लावायला योजना आहे! प्लेटिंगवाल्यांनाही हेच सांगणं आहे. शोभेच्या क्रोम प्लेटिंगला सहा संयुजी क्रोमियमऐवजी तीन संयुजी चालतं, झिंकला सायनाइडशिवायचा बाथ मिळतो.

सरकारने काय करायला हवं, तेही सांगतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८९ मध्ये विषारी रसायनांचा वापर घटवायचा कायदा केला. रसायन वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडून फी घेतली, त्याच पैशातून लोवेलच्या विद्यापीठात संस्था उभी केली, सल्ला मोफत ठेवला. पण कारखान्यांनी दरवर्षी लिहून द्यायचं, कुठलं रसायन किती वापरलं आणि किती कचऱ्यात गेलं. आपल्याकडे अशी एका छताखालची सोय नाही, ही सरकारची उणीव आहे आणि ती मी झाकणार नाही. मात्र तुझी वही कोरी राहायला सरकार जबाबदार नाही.

हिशेब न ठेवलेली रसायनं कुठे जातात ते आठव. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत कोणीतरी टँकर रिकामा केला आणि उल्हासनगरची शेकडो माणसं दवाखान्यात गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, मुख्यमंत्री बघायला आले. २६ मे २०१६ ला इथल्याच प्रोबेस कंपनीत स्फोट, १२ मृत्यू. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीचा रिॲक्टर फुटला, पुन्हा दहाहून जास्त माणसं गेली. यातली बरीच माणसं पगारासाठी पाळीवर आलेली होती, काही नुसती शेजारच्या कारखान्यात होती. तुझ्याकडचे कामगारही पाळीवर येतात. त्यांना त्या निळ्या पिंपांत काय आहे ते माहीत आहे का?

२०२२ मध्ये डोंबिवलीचे १५६ कारखाने पाताळगंगेला हलवायचं ठरलं तेव्हा तू म्हणालास, जाऊ तिकडे, बघू. तीच प्रक्रिया, तीच पिंपं घेऊन जाणार असशील तर पाताळगंगेच्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय?

आता सबबी पुरे. मोठी वही घे. प्रत्येक बॅचला आत काय गेलं, बाहेर काय आलं, वजन करून लिही, अंदाजाने नाही. पिंपांवर नाव आणि तारीख टाक. तीन महिन्यांची वही झाली की ती घेऊन झेडच्या नोंदणीला बस, बँकेत जा, शेजारच्यांना बोलाव. ३० जूनपर्यंत घातक कचऱ्याच्या वार्षिक हिशेबाचा फॉर्म ४ भरायचा असतो. यंदा त्यात खरे आकडे घाल, आणि भरलेला फॉर्म मला आणून दाखव.