हाफ क्लच



मुंबईच्या टॅक्सीतळांवरून प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तेथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ साली झाली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी, १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. आपल्या धर्मग्रामातील एका घरी अशी एक पद्मिनी अजून चालते. आजोबांची आठवण म्हणून ती विकलेली नाही. त्या घरातल्या मुलीला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स मिळाले, आणि वडिलांनी हट्ट धरला की शिकायचे तर याच गाडीवर.

ज्यांनी अशी गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाडी उभी असली तरी इंजिन फिरतच असते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांच्या मध्ये क्लचची प्लेट असते. पेडल दाबले की इंजिन सुटे होते, सोडले की जोडले जाते. एकदम सोडले तर गाडी हिसका देऊन बंद पडते. फार वेळ अर्धवट धरून ठेवले तर प्लेट घासून जळते, तिचा वास येतो. या दोहोंच्या मधल्या जागेला आपण हाफ क्लच म्हणतो. ही जागा नेमकी कुठे आहे हे कोणताही बाप आपल्या मुलीला सांगू शकत नाही. प्रत्येक गाडीत ती थोडी वेगळी असते आणि ती डाव्या पायालाच कळावी लागते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे शिक्षकाविषयीचे विवेचन वाचले होते. शिक्षक स्वतःचे ज्ञान उचलून विद्यार्थ्याच्या डोक्यात ठेवत नाही. वैद्य जसा शरीराच्या बरे होण्याच्या शक्तीला हातभार लावतो, तसा तो हातभार लावतो. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिले होते. पण त्याचा अर्थ त्या वडिलांकडे पाहून अधिक कळला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. पद्मिनीत तो नाही. तरी पहिल्या दिवशी ते तासभर उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर दाबत बसले होते, असे तिची आई हसून सांगते.

पाच वेळा गाडी बंद पडली. सहाव्यांदा वडील ओरडले. मुलगी दार उघडून उतरली आणि पायी घरी गेली. संत पौल कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, आणि कारणही देतो: त्यांचे मन खचते. मुले उद्धट होतील, असे तो म्हणत नाही. खचलेले मूल उद्धट मुलापेक्षा अधिक शांत असते, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. पुढच्या रविवारी वडिलांनी तोंड बंद ठेवले. चढावर हॅण्डब्रेक ओढून, हाफ क्लचवर गाडी किंचित थरथरली की ब्रेक सोडायचा, एवढेच सांगितले. गाडी मागे न घसरता निघाली.

आपण घाटाच्या माथ्यावर राहणारी माणसे. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढली आणि आजही कर्जतहून वर येणाऱ्या अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने रेटा देतात. चढ संपला की ती सुटतात, पुण्यापर्यंत येत नाहीत. आणि उताराचे तर जुने ड्रायव्हर सांगतातच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल केलेत तर सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत.

पालकांमध्ये एक प्रकार एकदम क्लच सोडणाऱ्यांचा आहे, आणि याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली द्यायची आणि ‘आमचा पोरगा हुशार आहे’ म्हणायचे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या दोन घरांतील आईवडिलांसाठी आपण प्रार्थना केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने शहाणे होण्याची वेळ ख्रिस्ती कुटुंबावर यावी काय?

मरिया आणि योसेफ यांनी बारा वर्षांच्या येशूला सोबत्यांबरोबर चालू दिले. तो दिसेना तेव्हा मात्र ते तीन दिवस शोधत राहिले. मोकळीक आणि काळजी त्या घरात एकत्र नांदत होती.

नवी गाडी घेतली की तुम्ही ती चर्चच्या अंगणात आशीर्वादासाठी आणता, मला आनंद होतो. यापुढे पवित्र पाणी शिंपडण्याआधी मी विचारणार आहे की ती चालवणार कोण, आणि त्याचे लायसन्स पाहणार आहे. वय अठराच्या आत असेल तर घरी येईन, चहा घेईन, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीन. गाडीला आशीर्वाद त्याचे लायसन्स आल्यावर.