अर्धवट आठवण

दिवाळीच्या सुटीला चार दिवस उरले असताना मी वर्गातल्या एका मुलाच्या समाचाराला गेलो. डेंग्यूने त्याला चांगलेच घोळवले होते. नुकताच रुग्णालयातून घरी आला होता. अनारशांचे पीठ तसेच झाकून ठेवून आई त्याच्या उशाशी बसली होती. मला पाहताच म्हणाली, "गुरुजी, तीन वर्षांपूर्वी याला हाच ताप येऊन गेला होता. एकदा झालेलं दुखणं दुसऱ्यांदा हलकं व्हायला हवं ना? मग हे उलटंच कसं?"

मजजवळ उत्तर नव्हते. मी मराठी शिकवतो, कादंबऱ्या लिहितो; शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा. पण प्रश्न मनातून जाईना. गावातल्या डॉक्टरांना गाठले, त्यांनी दिलेली पुस्तके वाचली, आणि जे कळले त्याने दोन रात्री झोप आली नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, एवढे आपण शाळेत शिकतोच. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! परका दिसला की त्याला घेरावयाचे, गिळावयाचे, हा या भक्षक पेशींचा धर्म. दुसऱ्या काही पांढऱ्या पेशींचे काम आठवण ठेवण्याचे.

डेंग्यूच्या विषाणूच्या जाती चार. एकीचा ताप येऊन गेला की तिची ओळख शरीर सहसा जन्मभर विसरत नाही. तिला चिकटून तिला निकामी करणारी प्रतिपिंडे रक्तात फिरत राहतात. पुढे केव्हातरी दुसऱ्या जातीचा विषाणू येतो. तो पहिल्यासारखा दिसतो, पण तोच नसतो. जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात खरी, पण त्याचा निकाल लावू शकत नाहीत. इकडे भक्षक पेशी त्याच्या अंगावरची ती खूण पाहते, हा आपला जुना अपराधी असे समजते आणि त्याला धरून आत ओढते. आत गेलेला विषाणू मरत नाही. त्या पेशीतच वाढतो आणि एकाचे अनेक होऊन बाहेर पडतो. ज्याला दारात अडवावयाचे त्याला पहारेकऱ्यानेच माजघरात नेऊन बसवावे, तसे हे. प्रत्येकाचे असे होत नाही. पुष्कळांचा दुसरा तापही सुखरूप उतरतो. पण होते, तेव्हा असे होते.

१९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉल्स्टेड या अमेरिकन डॉक्टरच्या ध्यानात आले की, हे भारी दुखणे मुख्यतः दोघांना होते. एक, ज्यांना डेंग्यू पूर्वी होऊन गेला आहे ते; आणि दुसरी, ज्यांच्या आईला तो होऊन गेला आहे अशी वर्षाच्या आतली तान्ही मुले. आईची प्रतिपिंडे बाळाला जन्मापूर्वीच मिळतात. ती भरपूर असतात तोवर राखण करतात. महिने सरता सरता विरळ झाली, की तेच कवच शत्रूच्या हातची किल्ली होते. येथे मी पुस्तक मिटले. यात दोष कोणाला द्यावयाचा? आईला? पेशीला?

दोष द्यावा असा एक पहारेकरी मात्र मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका कुप्रसिद्ध विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ आला. तेच नाक, तीच चाल. थोरल्याने पूर्वी वर्गात चोरी केली होती आणि ती मीच पकडली होती. एके दिवशी सहलीच्या वर्गणीचे पैसे सापडेनात. मी सरळ धाकट्याचे दप्तर सगळ्यांदेखत उलटे केले. दोन दिवसांनी पैसे माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. पोरगा काही बोलला नाही. पण त्यानंतर तो खरोखरच थोरल्यासारखा वागू लागला, आणि वर्ष संपण्यापूर्वी शाळा सोडून गेला.

कुणी म्हणेल, मास्तराने मागचे विसरावयास शिकावे. पण शरीराला विसरावयास लावणारा विषाणूही आहे. गोवर आठवण ठेवणाऱ्या पेशींतच शिरतो आणि त्यांचा नाश करतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, लस न टोचलेल्या मुलांची गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाली होती. गोवर उतरतो, आणि पूर्वी ओळखलेले चोर पुन्हा अनोळखी होतात. असला विसराळू पहारेकरी तरी काय कामाचा? शिवाय थोरल्याने चोरी केली होती, हे काही खोटे नाही. माझी आठवण खरीच होती. फक्त ती दुसऱ्याची होती.

हे सारे त्या माउलीला सोपे करून सांगितले. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे याच्या रक्तानं चांगलंच करायला पाहिलं." आणि मच्छरदाणीचे टोक गादीखाली नीट खोचले.

परत येताना वाटेत सायकलीचे दुकान लागले. धाकटा आता तेथे पंक्चर काढतो. मला पाहून उठला, फडक्याला हात पुसले, "गुरुजी, बसा," म्हणून स्टूल पुढे सरकवले. मी बसलो. त्याच्या मुलाची चौकशी केली, यंदा पाऊस किती लांबला तेही बोललो. जे बोलावयाचे ते त्या दिवशीही बोललो नाही.