फाटलेले वस्त्र आणि रंगांची वही



आईबाप वारले की आपण वस्त्र फाडतो. तीस दिवसांनी त्यास कच्चा टाका घालता येतो. पक्की शिवण कधीच नाही. दुःख झाकू नये, हाच त्याचा बोध.

पण रीडिंगच्या गोल्डस्मिड रोडवरील सिनेगॉगमध्ये कद्दिश म्हणून घरी परतल्यावर मराठीत रडायला जवळ कोण असते? तेव्हा रंगांची वही उघडावी.

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या यहुदी चित्रकर्तीने १९४३-४४ साली तेरेझिनच्या बंदिवासात मुलांकडून चित्रे काढून घेतली. १९४४ साली ऑश्विट्झला तिचा वध झाला. बहुतेक मुलेही वाचली नाहीत. सुमारे ४,५०० चित्रे मात्र उरली. मुलांच्या मनातले तेथे उतरले होते.

रोज एक पान रंगवा. शब्बाथला वही मिटा. चित्र सुबक नसले तरी चालेल. तो आपला कच्चा टाका आहे. परमेश्वर सर्व शोकाकुलांचे सांत्वन करो. आमेन.