सहा दिशांचा प्रश्न

वेरूळच्या एकाच कड्यात ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, नंतरची १७ हिंदू आणि शेवटची ५ जैन. तिथे आपण बुद्ध, शिव आणि तीर्थंकर पाहून परततो. या तिन्ही परंपरांच्या पंडितांमध्ये शतकानुशतके चाललेला एक वाद मला तिथे हटकून आठवतो: पदार्थाचा सर्वांत लहान कण कसा असतो, आणि असे कण एकमेकांना धरून कसे राहतात? हा वाद याच लेण्यांच्या ओसरीत झाला असे मी म्हणत नाही. तो ग्रंथांतून, देशभर चालला. पण त्यातले तिन्ही पक्ष इथे एकाच दगडात शेजारी बसले आहेत.

हिंदू परंपरेतल्या कणादांच्या वैशेषिक दर्शनाचे म्हणणे असे की पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांचे परमाणू वेगवेगळे, नित्य आणि निरवयव असतात. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा धूलिकण म्हणजे हे त्र्यणुक, डोळ्यांना दिसणारी सर्वांत लहान वस्तू. कच्चे मडके भाजल्यावर लाल का होते, याचाही त्यांनी विचार केला होता: उष्णतेने परमाणू सुटे होतात, त्यांचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात.

यावर सर्वांत नेमका घाव घातला तो बौद्ध आचार्य वसुबंधूंनी, साधारण चौथ्या-पाचव्या शतकात. 'विंशतिका' या छोट्या ग्रंथात ते विचारतात, एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू येऊन भिडले, तर त्याला सहा बाजू झाल्या की नाही? बाजू आहेत म्हणजे भाग आहेत. मग तो निरवयव कसला? आणि भाग नसतील, तर साती परमाणू एकाच जागी मावतील आणि त्यांचा ढीग कधीच मोठा होणार नाही. वसुबंधूंचा निष्कर्ष असा की परमाणू मानताच येत नाही.

जैन विचारवंतांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते सारे परमाणू मुळात एकाच जातीचे. पृथ्वीचा परमाणू निराळा, पाण्याचा निराळा असे काही नसते. फरक असतो तो गुणांत. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त बंध होतो तो स्निग्ध आणि रुक्ष या गुणांमुळे, आणि तोही सरसकट नाही. गुण किती अंशांचा असेल तर बंध होईल, किती असेल तर होणार नाही, याचे नियम तिथे दिले आहेत. कोणते कण जुळतात आणि कोणते जुळत नाहीत याला नियम असला पाहिजे, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून आपल्याकडे अणुशास्त्र आधीच सिद्ध झाले होते असे म्हणणे मला पटत नाही. त्या पंडितांकडे तर्क होता, तराजू नव्हता. अणूला वजन दिले ते जॉन डाल्टन यांनी, १८०८च्या ग्रंथात: हायड्रोजन १ धरून बाकीच्यांची तुलना. त्यानंतर साठ वर्षांत वजनांची यादी वाढत गेली आणि तिच्यात काहीतरी लय आहे, हे अनेकांना जाणवू लागले.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने एका सारणीत मांडली आणि काही घरे रिकामी ठेवली. त्यांतली दोन वेरूळला आवर्जून सांगावीत अशी आहेत. इथला काळा बेसाल्ट मुख्यतः ऑक्सिजन आणि सिलिकॉनचा, सोबत ॲल्युमिनिअम, लोह, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम. मेंडेलीव्ह यांनी ॲल्युमिनिअमच्या खालचे घर मोकळे ठेवले आणि सिलिकॉनच्या खालचेही. पहिल्या घरातले गॅलिअम १८७५मध्ये फ्रान्समध्ये सापडले. शोध लावणाऱ्या ब्वाबोद्राँ यांनी घनता ४.७ सांगितली, तेव्हा मेंडेलीव्ह यांनी कळवले की ती ६च्या आसपास असायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तर ५.९ भरली! ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याचे बरोबर निघाले. दुसऱ्या घरासाठी त्यांनी अणुवस्तुमान ७२ वर्तवले होते. १८८६मध्ये विंकलर यांना जर्मेनिअम मिळाले. आज त्याचे वस्तुमान ७२.६ मानतात.

ही लय का आहे, हे मात्र मेंडेलीव्ह यांना ठाऊक नव्हते. अणू फुटू शकतो हे त्यांनी अखेरपर्यंत मनापासून स्वीकारले नाही. टेल्युरिअम आयोडिनपेक्षा जड असूनही त्यांनी ते आधी ठेवले, कारण गुणधर्म तसे सांगत होते. त्याचा उलगडा मोस्ली यांनी १९१३मध्ये केला: क्रम वजनाने नव्हे, केंद्रकावरच्या धनप्रभाराने ठरतो. त्याआधी थॉमसन यांनी १८९७मध्ये इलेक्ट्रॉन शोधला होता आणि रदरफर्ड यांनी १९११मध्ये अणूच्या मध्यभागी इवलेसे केंद्रक आहे हे दाखवले होते.

आणि इथे वसुबंधूंचा प्रश्न पुन्हा समोर येतो. अणूला भाग आहेत. आणि जोडण्याचे काम करतात ते त्याचे सर्वांत बाहेरचे भाग. सिलिकॉनचे १४ इलेक्ट्रॉन २, ८, ४ असे कवचांत बसतात. शेवटच्या कवचातल्या त्या चारांमुळे एक सिलिकॉन चार ऑक्सिजनना धरतो, चार ठरावीक दिशांनी, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर. वसुबंधूंचा तर्क खरा ठरला: दिशा आहेत तिथे भाग आहेत. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाही. कैलास लेणे कोरणाऱ्यांच्या छिन्नीला ज्या दगडाने दाद दिली नाही आणि मग दिली, तो याच चतुष्फलकी पकडीतून उभा आहे.

आपल्या दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण हा दुसराच धडा आहे. मुले १८ गण आणि ७ आवर्त पाठ करतात, संयुजा इलेक्ट्रॉन मोजतात, गुणही मिळवतात. पण ही सारणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. हिवाळ्यात शाळांच्या सहली वेरूळला येतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना कड्यासमोर बसवावे, सहा दिशांचा प्रश्न आधी विचारावा, त्यांना तासभर भांडू द्यावे, आणि मगच सिलिकॉनचे घर दाखवावे.