खंडपट आणि स्मृती

जुन्या टी-शर्टांचे चौकोन जोडून रजई शिवण्याची रीत अमेरिकेत विशेष रुजलेली असून, शिक्षण संपताना किंवा घरातील माणूस निवर्तल्यावर त्याच्या कपड्यांतून अशी रजई केली जाते. स्मृती जपणे हाच तिचा हेतू असल्यामुळे, कात्री लावल्यानंतरही तो टी-शर्ट ‘तोच’ राहतो का, हा प्रश्न येथे खरोखरच तत्त्वज्ञानाचा होतो.

न्याय-वैशेषिक दर्शनाने कार्यकारणभाव समजावताना वस्त्राचेच उदाहरण वारंवार घेतले आहे. तंतू हे पटाचे म्हणजे वस्त्राचे समवायी कारण, तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण आणि विणकर व त्याची साधने ही निमित्तकारणे होत. या मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांहून भिन्न असे पूर्ण द्रव्य, काही तंतू तुटताच नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंपासून ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न होते. छातीवरचे चित्र कापून घेतले की टी-शर्ट संपतो. बौद्ध तर अवयवीच नाकारतात, आणि ‘तोच हा’ ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांविषयी होते तशी सादृश्यातून उपजलेली भ्रांती मानतात.

तरीही रजई निरर्थक ठरत नाही, कारण नैयायिकांच्या मते स्मृती वस्त्रात नसतेच. अनुभवातून आत्म्यात राहिलेला ‘भावना’ नावाचा संस्कार हे तिचे कारण असून बाह्य वस्तू त्या संस्काराला जागे करणारी, म्हणजे उद्बोधक, असते. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील स्मृतिनिमित्तांच्या दीर्घ यादीत सादृश्य व संबंध यांच्यासोबत वियोग, सुख आणि दुःखही येतात, ही बाब शोकातून शिवल्या जाणाऱ्या रजईच्या संदर्भात फार मोलाची आहे. त्यामुळे काय टिकवायचे हे स्पष्ट होते: उद्बोधन करणारे गुण, म्हणजे चित्राचे रूप आणि कापडाचा स्पर्श.

येथेच फ्यूजिंगची, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाचा थर असलेल्या अस्तराची, निवड महत्त्वाची ठरते. गोधडीतील लुगडे ताण्याबाण्याचे असल्याने धावदोऱ्यावर निभते. टी-शर्टचे होजिअरी कापड मात्र फासांच्या विणीचे, आडवे ताणले जाणारे, म्हणून अस्तराशिवाय चौकोन वेडावाकडा होतो. न विणलेले, कागदासारखे जाड फ्यूजिंग चित्र सपाट राखते, पण कापड ताठ करून स्पर्श हिरावते. सुती विणलेले फ्यूजिंग मजबूत असते, मात्र ते आधी आटवलेले नसेल तर धुतल्यावर सुरकुत्या पाडते. स्पर्शाला उद्बोधक मानणाऱ्याने ट्रायकॉट नावाचे हलके, फासांच्या विणीचे फ्यूजिंगच घ्यावे आणि त्याची न ताणली जाणारी दिशा टी-शर्टच्या ताणाच्या दिशेने ठेवावी, हे अधिक सयुक्तिक होय.

फ्यूजिंग आणि टी-शर्ट यांचा हा सांधा वैशेषिकांच्या परिभाषेत संयोग आहे, समवाय म्हणजे अवियोज्य संबंध नव्हे. संयोगाचा विभाग होऊ शकतो, आणि उष्णता वा दाब कमी पडल्यास धुतल्यानंतर अस्तर सुटून फुगवटे येतात ते यामुळेच. म्हणून इस्त्री न सरकवता जागोजागी दाबून धरावी, चित्राच्या बाजूने फिरवायची झाल्यास मध्ये कापड ठेवावे, कारण छपाईची प्लास्टिकयुक्त शाई वितळते, आणि नेमक्या मापाचा चौकोन फ्यूजिंग चिकटल्यानंतरच कापावा.