तुम्ही व्हा पुढे

मराठी माणूस आयुष्यात जी वाक्ये बेलाशक खोटी बोलतो, त्यांत ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतोच’ याचा नंबर बराच वरचा असावा. म्हणणाऱ्याच्या मनात असते, ‘अरे, थांबा की जरा!’ आणि ऐकणारे सभ्य लोक शब्दशः अर्थ घेऊन खरोखरच पुढे होतात. लग्नाच्या पंगतीपर्यंत हे खपून जाते. पण हेच वाक्य अकरा-बारा हजार फुटांवर बर्फात फतकल मारून उच्चारले, की त्यातून थेट नीतिशास्त्र सुरू होते. मी ते तिथे उच्चारले आहे.

आमच्या कचेरीतले नऊ जण उत्तराखंडात केदारकंठ्याला गेलो होतो. उंची साधारण साडेबारा हजार फूट. सांकरी गावातून चढायचे, वाटेत तंबूत मुक्काम करायचे आणि शेवटच्या दिवशी पहाटे अंधारात उठून शिखर गाठायचे. कचेरीतली लिफ्ट बंद पडली, की तिसरा मजला मी दोन हप्त्यांत गाठतो. तेव्हा मला शंका होतीच. पण भरलेली वर्गणी परत मिळणार नव्हती.

बर्फाचा हिशेब वेगळा असतो. तीन पावले टाकावीत, तर दोनच जमा होतात. उजाडता उजाडता माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी खाली बसून ते सुप्रसिद्ध वाक्य बोललो. वाटाड्या मान हलवून म्हणाला, “अकेले कोई नहीं बैठेगा.” त्याचा जोडीदार स्टोअर्समधल्या बाईंचे डोके दुखू लागले म्हणून त्यांना घेऊन आधीच परतला होता. म्हणजे उरलेल्यांपैकी कुणीतरी मला खाली दिसणाऱ्या तंबूपर्यंत पोचवायला हवे होते, नाहीतर सगळ्यांनीच माघारी फिरायला.

शांतता पसरली. जो तो वाकून आपापल्या बुटांचे पट्टे तपासू लागला. साहेब म्हणाले, “मी कुणावर जबरदस्ती करणार नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.” कचेरीत हे गृहस्थ टाचण्यांची डबीसुद्धा स्वतःच्या सहीशिवाय देत नाहीत.

समोर स्वर्गारोहिणी उन्हात चमकत होती. पांडव इथूनच गेले म्हणतात. बर्फाच्या डोंगरावर गटाने चढण्याची आपल्याकडची हीच सर्वांत जुनी हकीकत असेल. द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ‘हा का पडला?’ आणि धर्मराज मागे न पाहता प्रत्येकाचा गोपनीय अहवाल वाचून दाखवतो: हिचा अर्जुनाकडे ओढा, याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा, चौथ्याला पराक्रमाचा. शेवटी भीम पडतो, तर त्याला सांगतात, तू फार खायचास! मरणाऱ्या भावाला! हाच धर्मराज पुढे इंद्राशी वाद घालतो, की कुत्र्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही. भावांचे काय, यावर त्याचे उत्तर तयार आहे: ते मेले होते, मेलेल्यांना मी उठवू शकत नव्हतो, जिवंतपणी मी कुणाला सोडले नाही.

उत्तर बिनतोड आहे. फक्त मी जिवंत होतो, आणि मला भूकही लागली होती. आमच्या साहेबांना ही सवलत मिळण्यासारखी नव्हती.

2006 सालच्या मे महिन्यात एव्हरेस्टवर डेव्हिड शार्प नावाचा इंग्रज गिर्यारोहक वाटेतच मरणपंथाला लागला होता आणि चाळीसेक माणसे त्याच्यावरून गेली, असे तेव्हा छापून आले. हिलरी त्यावर फार संतापले होते. त्याच महिन्यात, त्याच डोंगरावर, मेला असे समजून सोडलेला लिंकन हॉल जिवंत सापडला आणि त्याच्यापायी चौघांनी हाताशी आलेले शिखर सोडले. हवा विरळ होती, हे कारण दोन्हीकडे सारखेच उपलब्ध होते.

तरी माझ्या सोबत्यांना मी दोष देत नाही. शिखर काय, उद्याही तिथेच असते, असे म्हणणे सोपे; रजा तिथेच नसते. कुणी वर्षभर पैसे साठवलेले, कुणी सासूबाईंना मुलांसाठी गावाहून बोलावून घेतलेले. एका माणसाच्या गुडघ्यांसाठी सात जणांनी हे सगळे सोडावे का? आणि बसलेल्याने ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून टाकले, की तो सुटला का? मला तर वाटते, ते म्हणून मी माझे ओझे अलगद त्यांच्या पाठीवर ठेवले होते.

शेवटी आमचा शिपाई पुढे आला. “चला काका,” म्हणाला. साहेबांनी “शाब्बास!” म्हटले आणि मंडळी चटकन चढू लागली. इतकी चटकन, की मला शंका आली. सगळ्यांत तरणा आणि दमदार तोच. वर हमखास पोचला असता. कचेरीत पाण्याच्या ग्लासासाठी त्याच्याकडे पाहतात, तसेच बर्फातही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले होते काय? पुढाकार त्याचा, की सवय आमची?

उतरताना मी विचारलेच. “तुला नव्हतं का रे वर जायचं?”

“जायचं होतं की.”

“मग?”

“तुम्ही बसला होतात ना,” तो म्हणाला, आणि थोडे थांबून, “टाच रोवा काका, टाच. घसराल.”