रिकाम्या घराची किल्ली

माझं माहेर मुंबईचं, भुलेश्वरजवळच्या चाळीतलं. दीड खोलीत आम्ही अकरा माणसं. रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला जागा नसे. आज भाऊ बोरिवलीला राहतो. तीन खोल्यांत माणसं चार. चाळीतली जुन्या भाड्याची खोली मात्र अजून आमच्याकडेच आहे, कुलूप लावलेली.

हे आमच्या एकट्याचं नाही. १९८१ च्या जनगणनेत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मूळ मुंबईत सुमारे ३२.८५ लाख माणसं होती. २०११ मध्ये ३०.८५ लाख राहिली. तेवढ्या काळात उपनगरं ४९.५८ लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेली. कॉलिन क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच मांडलं होतं, की प्रवास स्वस्त झाला की शहराच्या मध्यावरची दाटी कडेला पसरत जाते.

पूर्वी मी अभिमानाने सांगायची, "आम्ही थोडक्यात भागवलं, तोच आमचा अपरिग्रह." आता तसं म्हणवत नाही. शौचालयाच्या रांगेत बादली घेऊन उभी असलेली आई, ओट्याखाली निजणारी काकू, यांना कुणी विचारलं होतं? नाइलाज म्हणजे व्रत नव्हे. म्हणून उपनगरात गेलेल्यांना मी दोष देत नाही.

प्रश्न कुलपाचा आहे. परिग्रह-परिमाण व्रतात कशाकशाला मर्यादा घालायची, हे सांगताना तत्त्वार्थसूत्रात आधी क्षेत्र आणि वास्तू येतात, सोनं-चांदी नंतर. आपण बायका दागिने मोजताना व्रत आठवतो, बंद खोल्या मोजताना नाही.

भावाला बोलायला मी मोकळी नाही. बेळगावात आम्हीही गल्लीतलं घर सोडून टिळकवाडीत आलो. "पुढे भाव येईल," म्हणून यजमान थांबले, मीही गप्प बसले. त्याच गल्लीत आमची जुनी कामवाली सहा माणसांसह एका खोलीत राहते. मधली दाटी उतरली म्हणतात. तिच्या घरात ती कुठे उतरली?

गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी किल्ली यजमानांपुढे ठेवली. "कायमचं नको, राहायला तरी देऊया."

"आणि नंतर घर सोडलंच नाही तर?"

भीती खोटी नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही. पण किल्ली मी परत कपाटात ठेवली नाही. दाराजवळच्या खिळ्याला अडकवलीय. जाता-येता दोघांनाही दिसते.